नंदावतीच्या न्हाणाची टोपली

नंदावतीला न्हाण आलं ते साल आमच्या किनाऱ्यावर कोणीही सांगेल. त्याच साली सरकारनं शिध्याचा तांदूळ महाग केला. १९५३. भाव एका दमात जवळजवळ तिप्पट झाला, शाळेतल्या पोरांचं दुपारचं खाणं बंद झालं, आणि सबंध सिलोनात चुलीपुढं बसलेली बाई मंत्र्यांचा उद्धार करू लागली.

नंदावतीची आई एमलिन हामिने, म्हणजे एमलिनबाई, मात्र मोठ्यानं काही बोलत नसे. नवरा दिओनिस सरकारी शाळेत मास्तर. सरकारचं मीठ खायचं आणि सरकारला आळणी म्हणायचं, हे त्या घराला जमणारं नव्हतं. नारळाची चार झाडं, कौलारू घर, गावात मान. मानाला जेवायला रोज लागतं, ते एमलिनला त्या साली कळलं.

नंदावती ऑगस्टच्या सुरुवातीला बाजूला बसली. रीतीप्रमाणं तिला आतल्या खोलीत ठेवलं, पुरुषाचं तोंड दिसू दिलं नाही. जोशीबुवानं पत्रिका मांडून न्हाणाचा मुहूर्त काढला तो नेमका बारा तारखेचा, सकाळचा. त्याच दिवशी देशभर हरताळ होता.

"मुहूर्त पुढं ढकलता नाही का येणार?" दिओनिसनं विचारलं.

"हरताळ पुढं ढकलायला सांगा," जोशीबुवा म्हणाला. "ग्रह माझं ऐकत नाहीत."

दिओनिसची थोरली बहीण अ‍ॅलिसअक्का आदल्या दिवशी पानदुऱ्याहून गाडीनं आली. तिच्या नवऱ्याचं तिकडं लाकडाचं दुकान. तांदळाचं पोतं घेऊन तो सकाळच्या गाडीनं येणार होता. सगळी भिस्त त्या पोत्यावर.

सकाळी गाडी आली नाही. रात्रीत कोणी रूळ उखडून समुद्रात टाकले होते, गॉलच्या रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. दुकानांना फळ्या.

घरात तांदूळ होता तो नारळाच्या दुधातल्या भातापुरता. पाहुण्यांपुढं तो भात हवाच. पण रेदी-नॅन्दाची टोपली?

आमच्याकडं परटिणीला रेदी-नॅन्दा म्हणतात, कापडाची आत्या. आत्या म्हणायचं आणि बसायला खाली चटई द्यायची. पण न्हाणाच्या दिवशी तिच्यावाचून पान हलत नाही. मुलीला ती न्हाऊ घालते, घागर ती फोडते, आणि मुलीच्या अंगावरचे कपडे, कानातलं आणि टोपलीभर तांदूळ घेऊन जाते. त्याबरोबर मुलीचा विटाळ आणि मुलीवरची पीडाही तीच डोक्यावर घेऊन जाते. टोपली शिगोशिग भरलेली हवी.

"टोपली भरली का गं?" अ‍ॅलिसअक्का ओट्यावरून ओरडली. "का तुझ्या माहेरच्यासारखी? तुझ्या न्हाणाला म्हणे तुझ्या आईनं ओंजळीनं तांदूळ घातले होते."

"भरतेय, अक्का."

एमलिन मागच्या दारी गेली. अंगणात पसरायला आणलेली समुद्राची कोरडी वाळू कोपऱ्यात पडली होती. पांढरी, बारीक. तिनं इकडं तिकडं पाहिलं. टोपलीत वाळू ओतली, वर उशीचा अभ्रा अंथरला. नंदावतीनं कोपऱ्यात निळं फूल भरलेला अभ्रा. हाताला तोच लागला. त्यावर तांदळाचा थर दिला, थरावर नारळ ठेवला, पणती ठेवली. टोपली शिगोशिग भरलेली दिसत होती. परटीण पोडिना म्हातारी घरी जाऊन बघेल, तोवर गाडी सुरू होईल, पोतं येईल, गुपचूप भरपाई करू, असा तिनं मनाशी हिशेब केला. आणि म्हातारी बोलणार तरी कोणापाशी?

मुहूर्तावर पोडिनानं नंदावतीला न्हाऊ घातलं. पांढऱ्या कापडाखाली झाकून दारापर्यंत आणलं, उंबऱ्यापाशी घागर फोडली. मुलीनं दिवा पाहिला, आरसा पाहिला, हसली. बायकांनी गलका केला. मग पोडिनानं कपड्यांचं गाठोडं बांधलं, कानातलं कनवटीला लावलं आणि टोपलीला हात घातला.

टोपली जागची हलली नाही.

वाळू तांदळाहून जड असते, ही साधी गोष्ट एमलिनच्या डोक्यातच आली नव्हती. जन्मभर समुद्राकाठी राहून.

पोडिनानं दुसऱ्यांदा जोर लावला. मग थांबली. तांदळात बोट खुपसल्यासारखं केलं आणि मान वर करून एमलिनकडं पाहिलं. अ‍ॅलिसअक्का दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"काय गं रेदी-नॅन्दा, उचलत नाही?" अक्कानं विचारलं.

"मोठ्या घरचं देणं, नोना," पोडिना म्हणाली. "माझ्या मानेला पेलत नाही. कोणीतरी हात लावा."

दोघींनी हात लावून टोपली तिच्या डोक्यावर चढवली. म्हातारी वाकत वाकत फाटकाबाहेर पडली.

"एमलिनचा हात मोठा हो!" अक्का बायकांना सांगू लागली. "अशा महागाईत! परटीण वाकली अगदी. मी उगाच बोलले तिच्या माहेराला."

संध्याकाळी संचारबंदी लागली. कोणी कुठं जायचं नाही, यायचं नाही. एमलिननं तो दुधातला भात पानात तसाच ठेवला. परटांच्या वाडीत चूल कशावर पेटत असेल, पोडिनाची नातवंडं काय खात असतील, याचाच घोर. आणि तरी, कोणाला कळलं नाही याचं बरंही वाटे. ते बरं वाटणं तिला जास्त लाजवी.

संचारबंदी उठली, पोतं आलं. तांदूळ पाठवायचा तर कोणाबरोबर? पाठवला तर का, म्हणून विचारतील. आज-उद्या करता करता राहून गेलं. देवळात फुलं वाहायला गेली की बायका म्हणत, "हामिने, टोपली ऐकली बरं तुमची." ती मान खाली घाली. तेवढी विनयशील म्हणूनही तिची वाखाणणी होई.

पोडिना धुण्याच्या दिवशी नेहमीसारखी आली. गाठोडं सोडलं. कपड्यांच्या अगदी वर अभ्रा होता. धुतलेला, नीळ दिलेला, इस्त्री केलेला, निळं फूल वर येईल अशी घडी घातलेला.

"मोजून घ्या, हामिने," पोडिना म्हणाली. दर खेपेला म्हणायची तसंच.

ऑक्टोबरात पंतप्रधान पायउतार झाले, तांदूळ जरा उतरला. एमलिननं टोपली घेतली, या खेपेला तळापासून तांदळानं भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा परटांच्या वाडीत पाऊल टाकलं. पोडिना तापानं निजून होती. सुनेनं घाईघाईनं खुर्ची पुसली, तिच्यावर पांढरं कापड घातलं. थोरांच्या घरचा माणूस आला की घालायचंच. एमलिन त्या पांढऱ्या कापडावर बसली.

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. वाटभर घोकलं होतं. तोंडातून निघालं ते निराळंच. "हे वाळवून ठेवा हो. कीड लागेल नाहीतर."

पोडिनानं टोपलीकडं पाहिलं. "न्हाणाचं देणं मुहूर्तालाच देतात, हामिने. मागून दिलं की भीक होते. घरी घेऊन जा."

"पोरांना तरी..."

"पोरं जेवली. मुळं खाल्ली, फणस खाल्ला." मग म्हणाली, "पोरीची काळजी करू नका. तांदूळ थोडा होता म्हणून मी विटाळ थोडा नेला, असं नाही. सगळा नेला."

एमलिन टोपली घेऊन परत आली. तिनं तो तांदूळ डब्यात भरला आणि त्याला हात लावला नाही. दिओनिसनं विचारलं तर म्हणाली, दानाचा आहे.

दानालाच गेला. पोडिना गेल्याच्या सातव्या दिवशी परटांच्या वाडीत भिक्षूंना जेवण होतं, तिथं तिनं तो स्वतः नेऊन दिला. सुनेनं घेतला, कोणत्या कारणाचा ते विचारलं नाही. एमलिनला पुन्हा ती खुर्ची मांडली, पुन्हा पांढरं कापड घातलं. ती बसली नाही. दारापाशी उभी राहिली आणि बायका निघाल्या तशी निघाली.

नंदावतीचं पुढं सगळं चांगलं झालं. पोडिना रेदी-नॅन्दा त्याच साली, १९५३ च्या डिसेंबरात, उंदुवप पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारली.