हॉलमधला उंबर

हिंजवडीपलीकडे, रिह्याच्या खोऱ्यात आमचे बंगले आहेत, असं आम्ही सांगतो. खरं म्हणजे सांगाडे आहेत. बिल्डर स्लॅब टाकून परागंदा झाला आणि दारं-खिडक्या बसायच्या आधीच घाणेरी आत शिरली. गॅलऱ्यांवर गुळवेल चढली, जिन्याला शेवाळ आलं, बेडरूममध्ये वटवाघळं राहायला आली. आम्ही बाकीचे मालक वर्षातून एकदा येऊन हळहळायचो, फोटो काढायचो आणि हिंजवडीला परतून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर भांडायचो. दयानंद मात्र दर रविवारी यायचा आणि ग्रुपवर कधीच भांडायचा नाही. अशा माणसावर लक्ष ठेवावं लागतं.

दयानंद मूळचा उदगीरकडचा, आयटी कंपनीत मॅनेजर. घरी, अकराव्या मजल्यावर, त्याला एका जागी बसवत नाही. बसला तर पाय हलवतो, पाय थांबला तर फोन चाळतो. त्याची बायको आशालता म्हणायची, यांना जेवताना बघितलं की यांची गाडी सुटायचीय असं वाटतं. रविवारी हा माणूस नेमका जातो कुठे, असा तिला संशय आला आणि एकदा ती मागोमाग आली. तर नवरा आपल्याच बिनदाराच्या हॉलमध्ये पालथ्या घमेल्यावर शांत बसलेला. समोर उंबर. बेसिनच्या पाइपासाठी सोडलेल्या भोकातून उगवलेला, कोबा उचलून, जिन्याच्या मोकळ्या जागेतून थेट गच्चीच्या वर गेलेला. शेंड्यावर तांबट पक्षी ठोके देत होता. दुसरी बाई असती तर भांडता तरी आलं असतं, असं तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

मग नव्या कंपनीने प्रकल्प उचलला. दसऱ्याच्या आत सगळं रान साफ करून काम सुरू करणार, असा निरोप आला. ग्रुपवर पेढ्यांची चित्रं फिरली. दयानंदने तेवढं साइट इंजिनियर निरंजनला गाठून विचारलं, झाड ठेवता येईल का.

निरंजन सभ्य पोरगा. म्हणाला, "सर, झाड हॉलमध्ये आहे. सोफा कुठे ठेवणार?"

दयानंदला सोफा नको होता. पण ज्याने घर घेतलं त्यालाच घर नको आहे, हे ऐकायला कुठली कंपनी बसली आहे? जेसीबी यायचा त्या दिवशी तो रजा टाकून सकाळीच आला. बुंध्याशी एक धोंडा मांडला, त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली आणि घमेल्यावर बसून राहिला. त्याचा हिशोब सरळ होता. उंबराखाली देव दिसला की या भागात त्या झाडावर कुणी कुऱ्हाड उचलत नाही.

हिशोब चुकला नाही. जेसीबीच्या ड्रायव्हरने दाराच्या भोकातून आत पाहिलं, जाऊन इंजिन बंद केलं, चपला काढून हात जोडले आणि कुशाबांना फोन लावला.

कुशाबा म्हणजे या जमिनीचे जुने मालक. विकल्यापासून कुंपणाबाहेरून गुरं वळवायचे. ते आले ते बायकोला, साळूबाईंना, घेऊनच. साळूबाईंनी मूठभर पानं घेऊन धोंड्यावरचा शेंदूर पुसून काढला.

"दत्ताला शेंदूर कुटं लावत्यात व्हय, दादा?" मग नवऱ्याकडे वळून, "मानूस भोळा हाय. पर भाव खरा हाय."

दयानंदला वाटलं, झाड वाचलं, विषय संपला. चूक इथे झाली. रान राखायला त्याने देव बसवला होता; गावाच्या लेखी देव बसला की आधी रान साफ करायचं असतं. गुरुवारच्या आत कुशाबांच्या भावकीने कोयते काढले. उंबराला हात लावला नाही, बाकी काही ठेवलं नाही. घाणेरी तोडली, गुळवेल ओढून काढली, शेवाळ खरवडलं, वटवाघळं धुराने हाकलली. बुंध्याभोवती कट्टा, कट्ट्याला पांढऱ्या टाइल्स, वर ट्यूबलाइट. तांबटाने आपण होऊन जागा सोडली. रविवारी दयानंद आला तर पोर्चमध्ये चपलांचा ढीग, आणि घमेल्यात निखारे घालून ऊद जाळलेला. कुणीतरी त्यालाच विचारलं, पाव्हनं कुटलं?

त्याला थांबवेना आणि जाववेना. बाहेर आला, आत गेला, गाडीपर्यंत जाऊन किल्ली हातात धरून परत आला.

पुढच्या गुरुवारी आरतीला निरंजन आला. आम्ही मालक मंडळीही बायकांसह गेलो. असलं काही चुकवायचं नसतं. निरंजनने दयानंदला बाजूला घेऊन ऑफिसचं म्हणणं सांगितलं. गावात म्हणतात तसा तुम्हाला खरंच साक्षात्कार झाला असेल तर ही जागा देवाला सोडून देऊ आणि तुम्हाला पलीकडच्या रांगेत बंगला देऊ. पण कुणी मुद्दाम धोंडा ठेवला असेल तर तसं सांगा. झाड काढतो, घर तुमचं. बाजूला घेतलं खरं, पण त्या हॉलला दारं नाहीत. सगळ्यांनी ऐकलं. टाळ थांबले.

खरं बोलावं तर उंबर जातो. खोटं बोलावं तर उंबर राहतो, पण त्याच्याखाली एकट्याने बसणं कायमचं जातं. दयानंदने बायकोकडे पाहिलं. आशालता तबकातल्या वाती सारख्या करत राहिली.

"दृष्टांत झाला," तो म्हणाला.

लोक पुढे सरकले. कुशाबांनी डोळे बारीक केले. त्यांना सगळं कळलं होतं, असा माझा अंदाज आहे. पण कुंपणाच्या आत यायला त्यांनाही दुसरी वाट नव्हती.

"काय म्हनले म्हाराज?"

दयानंदने वर फांद्यांकडे पाहिलं. "म्हणाले, इथे गर्दी नको. पानं पडली तर पडू द्या, झाडू नका. एकेकट्याने यावं, गप्प बसावं आणि जावं."

कुणी हसलं नाही. साळूबाईंनी हात जोडले. कुशाबांनी निकाल दिला.

"बराबर हाय. गर्दी व्हतीया, ते देवाला बी दिसलं. दत्तजयंतीच्या आत मंडप मोठा घालू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निरंजन ऑफिसला फोन लावायला बाहेर गेला. मग कुणीतरी दयानंदच्या हातात माइक दिला. आरतीचा पहिला मान त्याचाच होता.