एकशे दहाचा खेळ

डहाणूजवळच्या कैनाड गावाच्या टोकाला आमचा पाडा. विजेची तार आधी शेठच्या चिकूवाडीत जाते, तिथले पंप पोट भरून घेतात, मग उरलेली वीज आमच्याकडं येते. उष्टी. पंप चालू असले की आमचा बल्ब पेटत्या विडीच्या टोकाइतका तांबडा. आणि पंप जवळजवळ दिवसभर चालूच.

या विजेवर रविनाची चक्की कशी फिरणार? बचत गटाच्या बायांनी मोटर आणली, नारळ फोडला, बटण दाबलं. मोटर नुसती गुरगुरली आणि तापली. पंप मध्येच बंद होतात, मध्येच सुरू होतात, त्या भरवशावर दळायला घ्यावं तर मोटर जळायची भीती. म्हणून चक्कीवर गोणपाट, आणि बाया दळण डोक्यावर घेऊन एसटीनं डहाणूला.

पण त्याच विजेवर परदेशी टीव्ही झकास चालायचा.

सुदाम, रविनाचा भाऊ, चारोटीला हायवेवरच्या एका दुकानात हमाली करतो. तोडलेल्या जहाजांमधलं सामान तिथं विकायला येतं. गाद्या, खुर्च्या, कपबशा. एकदा कुणा खलाशाच्या खोलीतला टीव्ही आला, सोबत गेम खेळायचा काळा डबा आणि दोन रिमोट. दोन्ही बाहेरदेशचे, दोन्हीच्या पाठीवर एकशे दहा व्होल्ट लिहिलेलं. आपल्या दोनशे तीसवर सरळ लावले तर जळणार. व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर लावून डबा देशी टीव्हीला जोडून बघितला तर चित्र काळंपांढरं, तेही वरवर पळणारं. कुणी घेईना. दुकानदार सुदामला म्हणाला, "ने, शोभेला ठेव."

सुदामनं घरी आणून सरळ बोर्डात खोचला. असं फक्त आमच्या पाड्यातला माणूसच करील. दोनशे तीस आमच्या वाट्याला कधी टिकलेच नव्हते. टीव्ही लागला. रंगीत! गाड्या सुसाट पळायला लागल्या. आमची उष्टी वीज बरोब्बर त्या जहाजाच्या मापाची निघाली.

नियम एकच. टीव्हीच्या डोक्यावर बल्ब टांगलेला. तो तांबडा असेपर्यंत खेळायचं. वाडीतले पंप थांबले की तो पिवळा व्हायला लागतो, तेव्हा झटकन पिन ओढायची. बल्बावर नजर ठेवायला रविनाची आई, बायजी. "पिवळा झाला गं, काढ!" ती ओरडली की रविना शिव्या घालत पिन ओढायची, कारण तेव्हा नेमकी तिचीच गाडी पुढं असायची. चिकू तोडून आली की ती आधी रिमोट धरायची, मग पाणी प्यायची. तेवढी एक चैन होती तिला.

नव्या डीपीसाठी, म्हणजे पाड्याच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरसाठी, आम्ही अर्जावर अर्ज केले. शेवटी वीज ऑफिसातून साहेब आला. सोबत शेठचा मुकादम नविन. आणि नवल बघा, त्या दिवशी पाड्यातले बल्ब दुधासारखे पांढरे! वाडीत चिडीचूप.

साहेबानं बोर्डाला मीटर लावला. "दोनशे अठ्ठावीस. फर्स्ट क्लास व्होल्टेज आहे. तक्रार कसली?"

रविना म्हणाली, "साहेब, आज पंप बंद ठेवलेत."

"मोटर बिघडली, बेन," नविन म्हणाला. "आमी काय करनार?"

"सगळ्या पंपांची? एकदम?"

साहेब वैतागला. "हे बघा, मला दिसतं ते मी लिहिणार."

आता नविनला चेव आला. "साहेब, यांचं काय ऐकता? वीज नाय, वीज नाय करतात आणि रोज टीव्हीवर गाड्या पळवतात! मी सोता बघितलंय. हाच टीव्ही, हाच बोर्ड. विचारा तिला."

"रोज?" रविनानं विचारलं.

"रोज! नाय म्हन!"

"नाही कशाला म्हणू? चालतो. साहेबांना दाखवते." तिनं पिन उचलली.

सुदाम धावला. "रविना, बल्ब बघ! पांढरा आहे!"

"दिसतोय मला."

"अगं, जळेल!"

"जळू दे."

तिनं पिन खोचली आणि बटण खाली केलं. फाट्कन आवाज झाला. टीव्हीच्या पाठीतून धूर निघाला, काळ्या डब्यातून जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. बायजीनं कपाळाला हात लावला. साहेबानं उडी मारून बटण बंद केलं.

"वेडी आहेस का? एकशे दहाचा आहे हा! मागं लिहिलंय!"

"मग रोज कसा चालला, साहेब?"

साहेबानं वाकून टीव्हीच्या पाठीवरचा आकडा पुन्हा वाचला.

"मी सांगत नाही, हा नविन सांगतो. रोज चालला, हाच टीव्ही, हाच बोर्ड. आज तुम्ही आलात आणि जळला. आता काय दिसतं ते लिहा."

साहेबानं नविनकडं बघितलं. नविन चपलेनं माती उकरत होता. "चला," साहेब म्हणाला, "पंप बघू."

तोवर पाड्यातल्या बाया पंपाच्या खोलीकडं निघाल्यासुद्धा होत्या. बचत गटातल्या जयवंतीनं एकामागून एक स्टार्टर दाबले. बिघडलेल्या मोटरी घरघरून चालू झाल्या. साहेब पुन्हा पाड्यात आला, मीटर लावला, आकडा बघून खाली मान घालून लिहायला लागला. "पंपांना वेगळा डीपी पाहिजे," तो म्हणाला. "वरून मंजुरी यायला वेळ लागेल."

"लागू दे," रविना म्हणाली. "आम्ही थांबत नाही."

तिनं जयवंतीला हाक मारून पंप बंद करायला लावले आणि चक्कीवरचं गोणपाट ओढून फेकलं. बाया नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पाट्या घेऊन धावल्या. बटण दाबलं. मोटर एकदा गुरगुरली, मग पट्टा फिरायला लागला तो थांबेचना. डोळ्यांत पीठ आणि पाणी, रविना पुसतही नव्हती.

बायजी जाऊन पंपाच्या खोलीच्या दारात पाय पसरून बसली.

"मावशी, बाजूला हो," नविन म्हणाला. "शेठ मला काढून टाकेल."

"त्याला इथं पाठव."

"किती वेळ बसनार?"

"रोज बसणार," बायजी म्हणाली आणि तिनं तंबाखू मळायला घेतली.