आजीने चाखून दिलेलं

माझा वास गेला त्याला तीन महिने झाले. नाक आहे जागेवर, चांगलं धारदार आहे, चष्मा त्याच्यावरच टिकतो. पण कामाचं राहिलेलं नाही. साधी सर्दी झाली, आठ दिवसांत गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. वासामागोमाग चवही जाते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जिभेला उरतं ते खारट, गोड, आंबट, कडू. बाकी सगळं ओला पुठ्ठा.

दुसऱ्या एखाद्या बाईचं असं झालं असतं तर चार जणींपाशी रडून मोकळी झाली असती. मला ती सोय नव्हती. मी बिस्किटांच्या कारखान्यात चव बघते, गेली सव्वीस वर्षं. आम्ही तिघी एका पांढऱ्या खोलीत बसतो. समोर नंबर घातलेल्या बश्या, एक घास, घोटभर पाणी, पुढची बशी. लोणी जुनं झालंय, भट्टी दोन मिनिटं जास्त लागलीय, हे मी डोळे मिटून सांगायचे. आता डोळे टक्क उघडे ठेवते आणि शेजारणीची पेन्सिल कुठे टेकते ते बघून तिथेच खूण करते. निवृत्तीला दीड वर्ष आहे. तेवढं निभावून नेऊ, असं मनाशी ठरवलं होतं.

कारखान्याचं एक वेळ सोडा, बिस्किट करपलेलं निघालं म्हणून कोणी मरत नाही. खरी पंचाईत घरातली होती. माझी नात, भिंगरी, सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शप्पथ, म्हणून भिंगरी. तिला शेंगदाणा चालत नाही. दोन वर्षांची असताना अर्धा दाणा तोंडात गेला, तर ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पोर निळी पडली होती. तेव्हापासून सुनेच्या पर्समध्ये इंजेक्शन असतं. विचारत जा, वेष्टन वाचत जा, खात्री नसेल तर देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चाखून बघा असं ते कुठेही म्हणाले नव्हते. ते आमच्या घरचं शास्त्र. एकदा कोणाच्यातरी पार्टीत पांढऱ्या सॉसमधला दाण्याचा वास मला लांबूनच आला आणि मी भिंगरीच्या हातातला चमचा हिसकला. झालं, त्या दिवसापासून मी घरातली देवी. बाहेर गेलं की पहिला घास मला. मी तोंडात घोळवणार, सगळे हात थांबवून माझ्याकडे बघणार, मी ‘चालेल’ म्हणणार, मग पोर खाणार.

घरात रांधते मीच, आणि दाण्याला उंबऱ्याच्या आत बंदी, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. बाहेर जायची वेळ आली की मी सबब काढायची. अशा आईला चिरंजीवांनी पाच दिवसांच्या सहलीला नेलं. नुसतं फिरायला असतं तर डोंगर बघून आले असते. पण चिरंजीव गाडीत बसतानाच म्हणाले, “आई, ह्या वेळी देखावे-बिखावे काही नाही. खायचं आणि खरेदी करायची. तू नुसती चाखत चल.”

“बरं,” म्हणत मी गाडीचं दार ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी मी एक युक्ती काढली. सगळ्याला ‘नको’ म्हणायचं. पाव आला, मी एक तुकडा चावला, कपाळाला आठी घातली, “नको.” आइस्क्रीम आलं, “नको, ह्यात काहीतरी आहे.” भज्यांचं पीठ, सूप, केक, सगळ्यांना नको. माझं गणित सोपं होतं. ‘चालेल’ म्हणून चुकले तर पोर जाईल. ‘नको’ म्हणून चुकले तर रडेल. रडू दे की! रडून कोणाचं काय बिघडलंय?

तर भिंगरी दोन दिवस केळी, उकडलेली अंडी आणि पांढरा भात खात होती, आणि तिच्या समोर तिचा बाप तळलेला मासा बोटं चाटून खात होता. चिरंजीवांना खाताना बघणं म्हणजे एक सोहळा. घास घेतला की डोळे मिटतो, मान डोलावतो आणि सगळ्यांना आपल्या ताटातलं वाटत सुटतो. सूनबाई तशी मोजकं खाणारी, पण तीही सुटली होती. “आई, हे बघा ना, कसला मस्त झालाय!” म्हणून मला भरवायची, आणि मी पुठ्ठा गिळून “वा!” म्हणायची. “वा!” म्हणून म्हणून माझे गाल दुखायला लागले.

खरेदीत तरी सुटका होईल वाटलं, तर तिथेही नाकच आडवं. साबणांच्या दुकानात सूनबाईने दहा वड्या माझ्यासमोर मांडल्या, “तुमचं नाक तयार आहे, तुम्हीच निवडा.” मी एकेक वडी हुंगून, मान तिरकी करून, शेवटी एक पांढरी उचलली. “हा. ह्याचा वास कसा, अंगावर येत नाही.”

“तो बिनवासाचा आहे, आजी,” दुकानातली मुलगी म्हणाली.

“म्हणूनच आवडला,” मी म्हटलं.

सगळे हसले. सून म्हणाली, “बघा, आमच्या आईंना फसवणं सोपं नाही.” मी पण हसले, आणि घामाने माझी पाठ भिजली. त्या दिवशी आम्ही भिंगरीला पिवळ्या चपला घेतल्या, सुनेला दोन कुडते, चिरंजीवांना एक टोपी जी त्याच्या डोक्याला बसत नव्हती आणि तरी त्याने घेतलीच, आणि हे सगळं भरायला एक नवी बॅग. नव्या चपला घालून भिंगरी माझा हात धरून चालत होती. मधेच थांबून तिने विचारलं, “आजी, ह्या गावात सगळ्यात शेंगदाणेच घालतात का?”

मला असं वाटलं, इथल्या इथे रस्त्यात बसावं आणि सांगून टाकावं. पण पुढे चिरंजीव एका काकडीवाल्याशी गप्पा मारत होता, सून आरशात कुडता लावून बघत होती, सगळ्यांचा मूड छान होता. रात्री सांगू, म्हटलं. रात्री सगळे दमून झोपले. मग सकाळी सांगू. आणि सकाळ काय, येते नि जाते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाजाराच्या शेवटाला एक छोटं खानावळीसारखं हॉटेल दिसलं. सहा टेबलं, दोन खिडक्या, आत स्वयंपाकघरात एक साठीची बाई आणि बाहेर वाढायला तिचा नवरा. गर्दी होती. चिरंजीवाने आधी नेहमीसारखं विचारलं, शेंगदाणा आहे का, तेल कोणतं आहे. वाढणारा म्हातारा आत जाऊन विचारून आला. “नाही हो, आमच्याकडे दाणा येतच नाही.” तांबूस, दाट रस्सा, भात आणि भाजलेल्या भाज्या आल्या. वाफ निघत होती. भिंगरी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून त्या वाटीकडे बघत होती. दोन दिवस केळी खाल्लेलं पोर, तिच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं होतं.

“आजी, लवकर,” ती म्हणाली.

मी चमचा तोंडात घातला. गरम. थोडं खारट, थोडं गोड. बाकी काही नाही. रस्सा दाट होता, आणि दाट म्हटलं की मला दाण्याचं कूटच दिसायला लागलं. “नको,” मी म्हणाले.

“आई, ते तर नाही म्हणतायत,” सून म्हणाली. “नीट बघा ना परत.”

आता मी चिडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं माझं. “मला शिकवू नकोस. आहे ह्यात शेंगदाणा. कूट लावलंय दाट करायला.”

भिंगरीने भोकाड पसरलं. आणि चिरंजीव उठला. माझा मुलगा तसा गरीब, नाकासमोर चालणारा, पण पोरीचा विषय निघाला की त्याचं डोकं फिरतं. “मी दोनदा विचारलं तुम्हाला,” तो त्या म्हाताऱ्याला म्हणाला. “ह्या पोरीचा जीव जातो शेंगदाण्याने, समजतंय का? आणि तुम्ही बिनधास्त नाही म्हणून सांगता?”

म्हातारा गोंधळला. आतून ती बाई हात पुसत बाहेर आली. “काय झालं? दाणा नाहीये त्यात. लाल भोपळा शिजवून घातलाय, म्हणून दाट आहे.”

“खोटं बोलू नका. माझी आई सव्वीस वर्षं चवीचंच काम करते. तिची जीभ चुकत नाही.”

“अहो, मीही तीस वर्षं रांधतेय,” ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “या, आत येऊन डबे बघा माझे. सगळे उघडून दाखवते.”

“डबे काय बघायचे? लपवणाऱ्याला वेळ लागतो का?” असं म्हणून त्याने फोन काढला. “लिहूनच टाकतो सगळं. फोटोसकट. म्हणजे दुसऱ्या कोणाचं पोर तरी वाचेल.”

शेजारच्या टेबलावर एक बाई दोन मुलांना घेऊन जेवत होती. तिने मुलांच्या पुढच्या ताटल्या बाजूला सारल्या. कोपऱ्यातले दोघे अर्धं जेवण टाकून उठले. म्हातारा त्यांच्या मागे दारापर्यंत गेला, “नाही हो, तसं काही नाही,” म्हणत. रांधणारी बाई तिथेच उभी होती, हातातल्या फडक्याची घडी करत, मोडत. ती माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. तिला खरंच वाटत होतं की मी सव्वीस वर्षांची माहीतगार, तर मला काहीतरी लागलंच असणार, आणि आपल्याकडून कुठे चूक झाली ते ती आठवत होती. “ताई,” ती म्हणाली, “नवीन मसाला उघडला होता सकाळी. त्यात तर काही नसेल?”

मला ते सहन झालं नाही. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

“ठेव तो फोन,” मी मुलाला म्हणाले. “ह्यांची काही चूक नाही. मला चव कळत नाही.”

“काय?”

“वास येत नाही मला. चव कळत नाही. त्या सर्दीपासून. शेंगदाणा आहे की नाही ते मला माहीत नाही. मी नुसतीच बोलले.”

तो उभाच राहिला, फोन हातात तसाच. मग त्या बाईपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटला. ती जे म्हणाली ते मला अजून आठवतं. ती म्हणाली, “असू दे. पोरीचं बघा आधी.” तिने सुनेला आत नेलं. डबे, बरण्या, मसाल्याचं वेष्टन, सगळं दाखवलं. सूनबाई दहा मिनिटांनी बाहेर आली, ते स्वतःच्या हाताने भात आणि रस्सा कालवूनच. भिंगरीसमोर वाटी ठेवली, पर्स उघडून मांडीवर घेतली आणि पोरीकडे बघत बसली. भिंगरी खात सुटली. तोंड, गाल, बोटं सगळी तांबडी. माझ्या शेजारीच बसली होती, पाय हलवत. काही झालं नाही तिला.

मला वाटलं, आता ही दोघं मला रागावतील, वाट्टेल ते बोलतील, आणि मी ऐकून घेईन. पण सूनबाई रागावली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, माझ्या मावशीची साठी झाली ती दोन महिन्यांपूर्वी.”

मी भिंगरीच्या हनुवटीवरचा रस्सा पुसला.

“तिथे केक तुम्ही चाखला होतात. ‘चालेल’ म्हणालात.”

“हो.”

“तेव्हा कळत होती चव?”

दर वेळी सबब सुचली होती, तेवढी एकदाच सुचली नव्हती. खोली भरलेली, सुरी केकावर धरलेली, मावशीची सगळी माणसं थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. “नाही गं,” मी म्हणाले.

मुलाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. “नोकरी जाईल म्हणून लपवलंस? आई, नोकरीसाठी?”

हो म्हणाले असते तर कदाचित त्याला समजलं असतं. पण खोटं बोलायचा मला आता वीट आला होता. “नोकरीचं सोड. घरात सांगितलं असतं तर ती कुठे जाणार होती? तुम्ही सगळे थांबायचात ना माझ्यासाठी. मी बोलेपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. ते मला हवं होतं रे. तेवढंच.”

“तिने दोन तुकडे खाल्ले होते,” सून म्हणाली.

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि भिंगरीची वाटी उचलून आपल्या बाजूला ठेवली. “चल, इकडे बस माझ्याजवळ.”

“का? मी आजीजवळच बसणार.”

“इकडे ये म्हटलं ना.”

भिंगरीने माझा पदर घट्ट धरला. बापाकडे बघितलं, तो खाली बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. पोरीचे डोळे भरून आले होते, तिला काहीच कळत नव्हतं. मी तिची तांबडी बोटं एकेक करून पदरातून सोडवली.

“जा, बाळा,” मी म्हणाले. “आईजवळ बस.”