एका नव्या कडीखाली

मित्रांनो, बेंगळूरच्या पश्चिमेला एक मध्यम आकाराचा तलाव आहे. त्याच्या धक्क्याला बांधलेली निळी-पांढरी जुनी बोट म्हणजे मी. सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखी मुलं माझ्यात बसतात, पाण्यात हात घालतात आणि मोठ्यांची बोलणी खातात. मला ते आवडतं. पण आज मी जे सांगणार आहे, ते दुखऱ्या मनाने सांगणार आहे. माझा एकदा घात झाला. तो एखाद्या परक्याने केला असता, तर मी केव्हाच विसरून गेले असते.

माझं बूड सागवानाचं आहे आणि इंजिन माझ्या पोटातच बसवलेलं आहे. हे पोटातलं इंजिन बाहेर पाण्यातला पंखा फिरवतं, ते एका लांब लोखंडी दांड्याने. त्याला शाफ्ट म्हणतात. आता विचार करा, दांडा बाहेर जायचा म्हणजे माझ्या अंगाला भोक पाडणं आलंच. दांडा तर फिरत राहिला पाहिजे, पण भोकातून पाणी आत यायला नको. यासाठी दांड्याभोवती पितळेची एक पेटी असते. तिला ग्लँड म्हणतात. तिच्यात चरबी चोळलेल्या जाड दोरीच्या कड्या एकीमागे एक बसवतात आणि वरून नट आवळतात. या दोरीला पॅकिंग म्हणायचं. माझा जीव म्हणाल तर त्या दोरीत आहे.

माझा शाफ्ट आणि ग्लँड शहरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कारखान्यात घडले. कारखाना शेषगिरीरावांचा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. मला पाण्यात सोडलं त्या दिवशी ते स्वतः आले होते. इंजिन सुरू करून ते माझ्या मागच्या फळ्या उचलून खाली वाकले आणि शेजारच्या तरुणाला म्हणाले, "हे बघ अप्पा, इथून स्वल्प पाणी गळलं पाहिजे. थेंब थेंब. तेवढ्याने शाफ्ट गार राहतो. गळती पार बंद केलीस, तर दोरी जळते आणि जळकी दोरी शाफ्टला खाते."

"सरी, रावसाहेब," तो तरुण होकार देत म्हणाला. "मी बघतो की. ल्हान पोरासारखं बघतो."

तो महांतेश. निपाणीकडून नुकताच शहरात आलेला. माझा चालक म्हणून त्याला नेमलं होतं. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्याने दिलेला शब्द कितीतरी वर्षं पाळला. फेरी संपली की तो फळी उचलून ग्लँडवर तळहात ठेवायचा. आईने लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तसा. दर उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मला साखळीने उतारावर ओढून घ्यायचा आणि जुनं पॅकिंग काढून नवं भरायचा. काम करताना माझ्याशी बोलायचा. "जरा कळ काढ, बाई," म्हणायचा. लोक म्हणत, महांतेशची बोट बघा, किती गुपचूप चालते. मला वाटायचं, मी त्याची आहे.

मग नव्या बोटीची बातमी आली.

ती बॅटरीवर चालणारी, वर छप्पर असलेली, मऊ गाद्यांची बोट होती. आमच्या धक्क्याचा मॅनेजर नागराज बेळगावकडचा. तो आणि महांतेश आपसात मराठीतच बोलत. एका सकाळी माझ्या काठावर बसून चहा पिता पिता नागराज म्हणाला, "वरचे म्हणतात, एक बोट चालू असताना दुसरी कशाला? ही बंद पडली तर नवी येईल. आणि आली तर तिच्यावर तूच. दुसरा आहे कोण?"

महांतेश नुसता हसला. मीही ते बोलणं मनावर घेतलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्याने मला ओढून वर घेतलं नाही. मी म्हटलं, त्याला सवड नसेल. थेंब वाढले, थेंबांची धार झाली. मी म्हटलं, येईल, बघेल. माझ्या मनात मी सतत त्याचीच बाजू घेत होते. एके दिवशी तो पाना घेऊन आला. पण जुनी दोरी न काढता त्याने वरचा नट तेवढा आवळला. गळती थांबली. थेंबसुद्धा पडेना. पुढच्या फेरीत माझा शाफ्ट इतका तापला, की कड्या करपल्याचा वास मला येत होता. फेरी संपल्यावर मी त्याच्या हाताची वाट पाहिली. त्याने फळी उचललीच नाही. आत काय असणार, ते त्याला ठाऊक होतं.

काही दिवसांनी करपलेल्या कड्यांमधून पुन्हा पाणी यायला लागलं. त्याने पुन्हा नट आवळला. शेवटी नागराजने माझ्या तळात साचलेलं पाणी पाहिलं आणि बजावलं, "पॅकिंग बदल. आजच्या आज."

महांतेशने नट सैल केला. आतल्या काळ्या कड्यांना हातही न लावता त्यांच्यावर एकच नवी कडी चढवली आणि नट बसवला. मग हात चरबीने चांगले माखून घेऊन तो वर नागराजकडे गेला. "बदललं सगळं," तो म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असतं, तर त्या क्षणी मी बोलले असते.

पुढच्या रविवारी राजाजीनगरच्या गोदूबाई आपल्या मुलीला आणि नातवंडांना घेऊन आल्या. गोदूबाई म्हाताऱ्या, गुडघे दुखणाऱ्या. चढायला सोपं म्हणून त्या मागच्या बाकावर बसल्या, बरोबर ग्लँडच्या वर. महांतेशने सगळ्यांना जॅकेटं चढवली आणि आम्ही निघालो. तलावाच्या मध्यावर पोहोचल्यावर मुलांनी जोरात चालवायचा हट्ट धरला. महांतेशने वेग वाढवला आणि माझ्या पोटात काहीतरी सुटलं. करपलेल्या कड्यांचा बराचसा भुगा होऊन वाहून गेला. शाफ्ट खाल्ला गेला होता, त्यामुळे नवी कडी त्यावर नीट बसत नव्हती. पाणी फसाफसा आत शिरलं.

"अप्पा, माझे पाय भिजले," गोदूबाई म्हणाल्या.

"स्वल्प पाणी आहे आजी. काय होत न्हाई."

"स्वल्प नाही. घोट्यापर्यंत आलंय. चप्पल तरंगतेय माझी."

महांतेशने मागे वळून पाहिलं. त्याने सगळ्यांना पुढच्या बाकांवर बोलावलं. गोदूबाईंना उठता येईना, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना काखेत धरून ओढलं. लहान नात रडायला लागली. माझी मागची बाजू जड होऊन खाली चालली होती. मला एवढंच कळत होतं, की इंजिनात पाणी जायच्या आत धक्का गाठायचा. दांडा खरवडत होता, आग आग होत होती, पण मी पंखा फिरवत राहिले. धक्का अगदी समोर आला तेव्हा इंजिन बंद पडलं. लोकांनी दोर फेकला आणि मला ओढून घेतलं. सगळे सुखरूप उतरले. गोदूबाई पायरीवर बसल्या आणि बराच वेळ नातीचा हात सोडेनात.

नागराज धावत आला. "काय झालं?"

महांतेशने माझ्याकडे बोट केलं. "बूड सडलंय बोटीचं. वय झालं आता. मी पॅकिंग बदलून आठवडासुद्धा झाला न्हाई."

पाणी आत आलं तेव्हाही मला लागलं नव्हतं, तेवढं ते बोलणं लागलं. ज्या बुडावर तो स्वतः रंग देत आला, त्याला तो सगळ्यांसमोर सडलेलं म्हणाला.

मला काठावर ओंडक्यांवर ओढून ठेवलं. उन्हाने माझ्या फळ्या सुकल्या, सांधे उघडले. येणारे-जाणारे म्हणत, हीच ती बुडणारी बोट. मला मोडायचं ठरलं. त्याआधी शाफ्ट आणि इंजिन काढून घ्यावं, म्हणून नागराजने पीण्याला निरोप पाठवला. शेषगिरीराव आता थकले होते. कारखाना त्यांची मुलगी वसुमती चालवत होती. तीच आली.

तिने आधी माझं सगळं बूड हातोडीने ठोकून पाहिलं. "लाकूड खणखणीत आहे," ती म्हणाली. "सडलेलं कुठे आहे, दाखवा पाहू."

मग माझ्यात चढून तिने ग्लँड उघडला. लोखंडी आकड्याने ओढल्यावर पहिली कडी बाहेर आली. ती पांढरी आणि मऊ होती. तिच्यामागे आकडा पुन्हा आत गेला, तेव्हा कोळशासारखे काळे तुकडे निघाले. मग आणखी तुकडे. तिने ते सगळे एका कागदावर मांडले. महांतेश बाजूलाच उभा होता.

"अण्णा, नवी फक्त एकच कडी आहे," वसुमती नागराजला म्हणाली. "बाकीच्या काढल्याच नाहीत."

नागराज त्याच्याकडे वळला. "तू मला सगळं बदललं म्हणालास."

"म्हणालो."

"माणसं होती आत, महांतेश."

"मला वाटलं, नुसती बंद पडेल. धक्क्याला असताना. रिकामी." तो जमिनीकडे बघत होता. "मग नवी आली असती."

नागराज वाकून ते काळे तुकडे कागदात गुंडाळू लागला. आमिष कुणी दाखवलं होतं, ते त्यालाही आठवलं असेल.

मला मोडायचं रद्द झालं. सुताराने माझे सांधे भरले. वसुमतीने नवा शाफ्ट करून आणला. तो बसवायच्या दिवशी महांतेश पुढे आला आणि म्हणाला, "पॅकिंग मी भरतो. शेवटचं." वसुमतीने क्षणभर विचार केला. मग पाना त्याच्या हातात दिला आणि स्वतः शेजारी बसून राहिली.

त्याने ग्लँड आतून पुसून लख्ख केला. दोरी शाफ्टभोवती गुंडाळून कड्या तिरक्या कापल्या. एकेक कडी आत सरकवली, आणि एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यासमोर येणार नाही, हे बघितलं. नट फक्त हाताने आवळला. पाण्यात उतरल्यावर इंजिन सुरू करून बोटभर अजून फिरवला. थेंब पडू लागले, जसे पडायला हवेत तसे. वसुमतीला त्यात एकही चूक काढता आली नाही.

मित्रांनो, खरं दुःख मला तेव्हा झालं. तोपर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात मी म्हणत होते, तो विसरला असेल, हात पूर्वीसारखे चालत नसतील, कुणी घाई केली असेल. पण त्याला सगळं येत होतं. त्या एका कडीच्या दिवशीही येत होतं. काम संपल्यावर त्याने हात पुसले, माझ्या काठावर क्षणभर टेकवले आणि तो निघून गेला. त्याला कामावरून काढलं होतं.

गंमत अशी, की नवी बोट पुढे आलीच. मी चालू असतानाच आली. तिला यायला माझं मरण नको होतं. ती माझ्या शेजारी उभी असते आणि तिच्यावर माझा काही राग नाही. मला आता सिद्धी नावाची तरुणी चालवते. हाताची चांगली आहे, कामाची पक्की आहे. तरीही ती पाना घेऊन फळी उचलते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. तिचा त्यात काही दोष नाही. एकाने केलेलं दुसऱ्याला फेडावं लागतं, ते असं.

तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी असेल. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, कुणाकडे एखादं कुत्रं असेल. कधी ना कधी त्याचा तुम्हाला कंटाळा येईल, नवं हवंसं वाटेल. त्यात पाप नाही. तसं झालं तर मोकळेपणाने सांगा, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि जा. महांतेश मला तसा सोडून गेला असता, तर मी रडले असते आणि त्याला चांगलं म्हणत राहिले असते. पण सांभाळतो आहोत असं दाखवून कुणाला आतून झिजू देऊ नका. आम्ही मुके आहोत. आणि मुक्याच्या आत कोण बसलेलं असेल, ते तुम्हाला आधी कळत नाही.