प्रार्थनेची रांग

बाईंनी शाळेच्या स्मारकाचा फोटो म्हातारीच्या मांडीवर ठेवला आणि उजेडासाठी पडदा बाजूला सारला. म्हातारीने फोटो नाकाशी नेला आणि पहिल्याच नावावर बोट टेकवलं.

"हा आमचा टिंगू."

युद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांची माहिती बाई वर्षभर गोळा करत होत्या. नोकरी संपली तरी शाळा काही त्यांच्याच्याने सुटत नव्हती. स्मारकाचा जुना दगड तडकला होता. उद्यापासून पाथरवट नवा घडवायला घेणार होता. सगळं जुळलं होतं, पण नावांचा क्रम काही उलगडत नव्हता. तो ना अक्षरांप्रमाणे, ना हुद्द्याप्रमाणे, ना गेल्याच्या तारखेप्रमाणे.

"त्यात काय उलगडायचंय?" म्हातारी म्हणाली. "कवायतीच्या मास्तरांनी लावलीत ती. प्रार्थनेला उभी राहायची तशी. बुटका पुढे, उंच मागे. त्यांना पोरं तशीच पाठ."

बाई फोटोकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, नव्या दगडावरही अशीच ठेवते."

"नको. त्यासाठीच तुम्हाला बोलावणं धाडलं. आमच्याला मागे घ्या."

"मागे?"

"तो वाढला हो. उशिरा वाढला. फौजेतून पहिल्या सुट्टीला आला तर ह्या चौकटीवर कपाळ आपटलं त्याचं. लागलं का ते विचारायचं सोडून मी हसत सुटले. म्हणाला, आई, आता मास्तरांपुढे जाऊन उभाच राहतो. तर मास्तर परगावी. ती एवढीच सुट्टी मिळाली त्याला." तिने चष्मा पुसला. "शाळाभर टिंगू टिंगू ऐकलं त्याने. दगडावर तरी नको."

धाकटी सून चहा घेऊन आली. "बघा बाई, घरातली खुर्ची हलवू देत नाहीत आम्हाला. आणि स्वतः दगडावरची नावं हलवायला निघाल्यात."

"तू साखर बघ गं आधी. काल विसरली होतीस."

सून हसत आत गेली. बाईंनी पेन काढलं. "सांगा. कोणाच्या मागे घेऊ?"

म्हातारीचं बोट एकेक नाव उतरत गेलं आणि चौथ्यावर थांबलं. "ह्याच्या. हा आमच्याच्या कानाएवढाच..." बोट तिथेच राहिलं. "पण हाही वाढला असेल, नाही?"

बाईंनी पेन मांडीवर ठेवलं.

"मिसरूडही धड फुटलं नव्हतं कुणाला. सगळीच वाढली असतील. ह्यांच्या आयांना विचारलंत?"

"सगळ्यांच्या घरी जाऊन आले, मावशी. आयांपैकी आता तुम्ही एकट्याच आहात."

म्हातारीने त्या सगळ्या नावांवरून एकदा हात फिरवला, भांगावरून फिरवावा तसा. मग फोटो बाईंच्या हातात दिला.

"मग राहू द्या," ती म्हणाली. "त्या सगळ्यांत एकट्या माझ्यालाच कसा मोठा करू?"