आईंची बॅग

इमारत पाडायला निघाली होती, त्यामुळे घर सोडणं भाग होतं. दोघा भावांनी शहराच्या दोन टोकांना दोन फ्लॅट घेतले आणि इतकी वर्षं एका चुलीवर चाललेला संसार दोन ठिकाणी मांडायचं ठरलं. वॉशिंग मशीन कुणाकडे, मोठं कपाट कुणाकडे, यावर थोडी बोलाचाली झाली. पण भांडण म्हणावं असं काही झालं नाही, याचंच थोरल्या सुनेला नवल वाटत होतं.

सामान आवरायची सूत्रं आपसूकच तिच्याकडे आली. ती एका मोठ्या दवाखान्याचं भांडार सांभाळायची. सुया, हातमोजे, सलाइनच्या बाटल्या, सगळं कुठल्या फळीवर आहे ते तिला डोळे मिटून सांगता यायचं. तिने चिकटपट्टीची दोन रिळं आणली. लाल पट्टीची खोकी आपली, पिवळीची धाकटीची. पट्टी लावल्याशिवाय एकही खोकं दाराकडे सरकवायचं नाही, असा तिचा दंडक.

धाकटीचं केस कापायचं दुकान होतं आणि आवराआवर या विषयाशी तिचा फारसा संबंध नव्हता. तिने एकाच खोक्यात कात्र्या, हिवाळ्यातले मोजे आणि मिक्सरचं भांडं कोंबलं होतं.

"अगं, हे तिकडे गेल्यावर सापडायचं कसं?" थोरलीने विचारलं.

"सापडेल की ताई. घरातल्या घरात जाऊन जाऊन कुठे जाणार?"

थोरलीने कपाळाला हात लावला आणि ते खोकं पुन्हा उघडलं.

या सगळ्या धबडग्यात सासूबाई कुणाकडे राहणार, हा विषय एकदाही निघाला नाही. थोरलीच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. नव्या घरातली खिडकीची खोली तिने त्यांच्यासाठी ठेवली होती. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला होता. "सासूबाई आमच्याकडेच असणार, धाकटीला कुठलं जमतंय," असं ती दवाखान्यात बरोबरच्या बायकांना सांगायची. त्यात कुरकुर किती आणि मिरवणं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जायच्या आदल्या दिवशी दारापाशी रचलेल्या सामानात तिला सासूबाईंची कापडी बॅग दिसली. तिच्यावर पिवळी पट्टी होती. धाकटीचा वेंधळेपणा, दुसरं काय. थोरलीने ती पट्टी सोलून काढली, लाल लावली आणि बॅग आपल्या ढिगात ठेवली.

दुपारी पाहते तो बॅग पुन्हा पलीकडच्या ढिगात, आणि लाल पट्टीवर दोन आडव्या पिवळ्या पट्ट्या.

"आईंच्या बॅगेशी काय खेळ चाललाय तुझा?" तिने धाकटीला विचारलं.

"मी तर हातही नाही लावला," धाकटी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे.

थोरली आतल्या खोलीत गेली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून कपबश्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"आई, तुमच्या बॅगेला कुणीतरी पिवळी पट्टी लावलीय."

"मीच लावली. सकाळी लावलेली तू काढलीस, म्हणून परत लावली. फार चिवट आहे गं ती, नखं दुखायला लागली."

"म्हणजे तुम्ही तिकडे राहणार?"

"हो."

थोरली मटकन खुर्चीवर बसली. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, पण आधी राग आला.

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर भांडून गेले असते." सासूबाईंनी बशी बाजूला ठेवली. "तू माझं फार करतेस. गोळी हातावर, पाणी तोंडाशी. मी उठायचं म्हटलं की तू आधीच उठलेली असतेस. अशाने माझे हातपाय कामातून जातील. ती विसरते. ती विसरली की मला उठावं लागतं."

"आणि पडलात म्हणजे?"

"पडले तर पडले. तुझ्याकडे काय पडणार नाही?"

"अहो, दांडा बसवलाय मुद्दाम."

"राहू दे. तुलाही लागेल कधीतरी."

एरवी थोरली हसली असती. आता ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी."

"मला कुणी विचारलं?" सासूबाई म्हणाल्या. आवाजात ठसका नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "कपाट कुठे जाणार यावर दोन संध्याकाळी घालवल्यात तुम्ही. मी इथेच बसून ऐकत होते."



संध्याकाळी बातमी सगळ्या घराला कळली. थोरल्या मुलाचं तोंड उतरलं. लोक काय म्हणतील, असं तो दोनदा म्हणाला. आईने लक्ष दिलं नाही. धाकटा लगेच आपली खोली मोकळी करायच्या गोष्टी करू लागला. धाकटी मात्र हबकली होती. तिने थोरलीला गॅलरीत गाठलं.

"ताई, मी काही फूस लावली नाही हं. मला तर त्यांच्या गोळ्यासुद्धा माहीत नाहीत."

"त्यांना माहीत आहेत," थोरली म्हणाली. हे वाक्य बोलणं तिलाच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरून झाल्यावर सासूबाई धाकट्याच्या गाडीत पुढे बसल्या, पट्टा स्वतः लावला आणि हात हलवून गेल्या.

थोरलीचं नवं घर दोनच दिवसांत जागच्या जागी लागलं. पहिल्या सुट्टीला ती सवयीने पहाटे उठली आणि करण्यासारखं काहीच नाही हे लक्षात आल्यावर ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. जेवायच्या वेळी न राहवून तिने फोन लावला.

"जेवलात का?"

"कुठलं. मीठ सापडत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून आम्ही दोघी खोकी उपसतोय. हिने परत मोज्यांत कोंबलेलं मिक्सरचं भांडं निघालं." मागे धाकटी खदखदून हसत होती.

मीठ कुठल्या खोक्यात आहे ते थोरलीला पक्कं ठाऊक होतं. जिभेवर आलेलं तिने गिळलं आणि फोन ठेवला. त्या दुपारी खिडकीच्या खोलीत ती थोडी रडली, मग तिथेच आडवी झाली. उठली तेव्हा उन्हं कलली होती. दुपारची अशी झोप शेवटची कधी लागली होती, तिला आठवेना.

थोरल्या मुलाचा रुसवा महिनाभर टिकला. थोरली मात्र सुट्टीच्या दिवशी धाकटीकडे जाऊ लागली. तिथे तिला काम नव्हतं, त्यामुळे बसून बोलण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. एकदा सासूबाईंनी तरुणपणी टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करत असतानाचा किस्सा सांगितला. एका उद्धट साहेबाचा फोन त्यांनी मुद्दाम धोब्याकडे जोडून दिला होता, आणि साहेबाने धोब्याला पाच मिनिटं झापलं होतं. इतकी वर्षं एका घरात काढून थोरलीने हे कधी ऐकलं नव्हतं. तिला इतकं हसू लोटलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला, आणि काय झालं ते बघायला धाकटी ओल्या हातांनी बाहेर आली.