नानांच्या अक्षरातला पाच

कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डावरचं तांदळाच्या दाण्याएवढं ते काळं टोपण तीन आकड्याजवळच्या दोन पिनांवर बसलं होतं — पाचजवळच्या नव्हे. कौतिकने बॅटरीचा उजेड जवळ नेला. तीनच. आणि कार्डावर चिकटवलेल्या कागदावर नानांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पाच.

टोपण ज्या आकड्यावर, तोच आकडा युनिक्सच्या फाइलीत लिहायचा, तरच कार्ड बोलतं; आठ दिवस त्याने तिथे इमानेइतबारे पाचच लिहिला होता. सुरू होताना कॉम्प्युटर म्हणायचा, नेटवर्क कार्ड सापडलं. आणि शेजारच्या कॉम्प्युटरला हाक मारली की मुका! रुपचंद नाना, जळगावच्या या कॉलेजात प्रयोगशाळा उभी करणारे, कौतिकला कीबोर्डवर बोटं ठेवायला शिकवणारे, खुर्चीतूनच म्हणायचे, "फाइलमा देख भाऊ परत, चूक तठेच शे." हा पुन्हा फाइल बघायचा. चार स्क्रू काढून कार्डच बघावं, हे सुचलंच नाही... सुचलं होतं, खरं तर. पण नानांनी लिहिलेलं तपासायचं म्हणजे नानांनाच तपासायचं, आणि तेवढी छाती कुठून आणायची?

आज चार वाजता नानांचा निरोप समारंभ. त्याआधी दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी बोलताना बघायचे, एवढीच त्यांची इच्छा. परवा मात्र सगळ्या स्टाफसमोर ते हसत म्हणाले होते, "कौतिक हुशार, पण धांदरट." ते अजून सलत होतं. सांगून टाकू? नाना, चूक माझी नव्हती, तुमची होती — आज नाही सांगितलं तर मग कधी?

फाइलीत तीन लिहिला तर नाना विचारणार, का बदललास. त्याने चिमट्याने टोपण उचललं आणि पाचवर बसवलं. झाकण लावलं, कॉम्प्युटर सुरू केला, हाक मारली. उत्तराच्या ओळी एकीखाली एक येऊ लागल्या.

तेवढ्यात नाना चष्मा सावरत आत आले. बराच वेळ त्या ओळी बघत राहिले. "फाइलमाच चूक व्हती ना?"

"हो नाना."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते हॉलकडे गेले.

कौतिक बसून राहिला. आता राग येईल असं त्याला वाटलं होतं, पण राग आला नाही. नानाही चुकतात... मग आठ दिवस मी विचारत कोणाला होतो? उद्या काही अडलं, तर मान वळवून विचारावं असं या खोलीत कोणी नव्हतं.